फोटो उलटा करून बघा

८ मार्च जवळ आला की एक फोटो दरवर्षी फोनवर येतो. शेजारीशेजारी तीन तरुणी. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या पारंपरिक पोशाखातल्या सबात इस्लामबूली. फोटो फिलाडेल्फियातला, १० ऑक्टोबर १८८५ चा. तिघी तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी. हा फोटो आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहात आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाईंना कल्याणचा माणूस आज घरबसल्या पाहू शकतो, कारण तिकडे कुणीतरी हा फोटो कपाटातून बाहेर काढला, स्कॅन केला, त्याची नोंद लिहिली आणि इंटरनेटवर ठेवला.

या चार कामांतलं आपल्याला एकच दिसतं, स्कॅन करणं. त्यामुळे एखाद्या गावच्या वाचनालयाने ‘जुन्या फोटोंचा संग्रह ऑनलाइन आणतोय, दोन वर्षं लागतील, मदत करा’ असं म्हटलं की लोक चक्रावतात. फोटोंचे फोटोच काढायचेत ना? कॉलेजची चार पोरं बसवा, आठवड्यात उरकेल. मी गेली काही वर्षं रविवारी अशाच एका वाचनालयात या कामाला जाते. हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट बसून उत्तर लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे हा विषय छोटा नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली हजारो वाचनालयं चालतात आणि त्यांतली काही फोटोग्राफीपेक्षाही जुनी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. फोटो काढण्याची कला जगाला माहीत झाली १८३९ मध्ये. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते. म्हणजे पावणेदोनशे वर्षांचे चेहरे, वाडे, मिरवणुका, शाळांचे वर्ग आपल्याकडच्या कपाटांत असू शकतात. बऱ्याच कपाटांना वाळवी लागलेली आहे.

## आधी ठिपक्यांची रांगोळी

स्कॅनर फोटोवरून उजेडाची पट्टी फिरवतो आणि फोटोचे बारीक बारीक ठिपके करून प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत लिहून घेतो. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका इंचात किती ठिपके, यावर बारकावा ठरतो. त्याच पाटावर अकरा ठिपक्यांची रांगोळी काढली तर मोराची मान येते. एकशे अकरा ठिपके घातले तर पिसाऱ्यातला डोळाही येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले जे फोटो मिळतात, ते साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे असतात. तो इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर २,५५० गुणिले ३,९०० म्हणजे ९९ लाख ४५ हजार ठिपके होतात. मग पागोट्याची वीण दिसते, मागच्या दुकानाची पाटी वाचता येते. काही वेळा त्या पाटीवरूनच फोटो कुठला ते कळतं.

ठिपक्यांइतकंच महत्त्व छटांना. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाताना संगणक पायऱ्या मोजतो. साध्या स्कॅनमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चांगल्या स्कॅनमध्ये ६५,५३६. जुन्या फोटोत काळ्या कोटाच्या सावलीत, पांढऱ्या धोतराच्या चुण्यांत पुष्कळ काही लपलेलं असतं. पायऱ्या कमी पडल्या की कोट नुसता काळा डाग होतो. आणि हो, काळा-पांढरा फोटोही रंगीत स्कॅन करायचा. त्याची तपकिरी झाक, पाण्याचा डाग, कडेला जांभळ्या शाईने कुणी लिहिलेला आकडा, हे सगळं फोटोचाच भाग आहे.

असा एक स्कॅन सुमारे ६० एमबीचा होतो. तो टिफ नावाच्या प्रकारात ठेवतात, कारण टिफमध्ये काहीही गाळल्याशिवाय ठेवता येतं. आपण फोनवर पाठवतो ती जेपेग. ती आकार लहान करण्यासाठी थोडा तपशील टाकून देते, आणि उघडून बदलून पुन्हा साठवली की पुन्हा थोडा टाकते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं होतं.

शेतकऱ्याच्या घरी बियाण्याची कणगी वेगळी असते आणि रोजच्या दळणाचं धान्य वेगळं. टिफ हे बियाणं. त्याला हात लावायचा नाही. त्यातून काढलेली लहान जेपेग ही दळणाची. ती वेबसाइटवर जाते, फोनवर फिरते, हरवली तरी चालते. दहा हजार फोटोंचं बियाणं साधारण ६०० जीबी भरतं. आजच्या हिशेबात हे एका हार्ड डिस्कचं काम आहे, त्यामुळे जागेची चिंता लोकांना वाटते तेवढी नसते.

## ‘मोबाइलचा कॅमेरा एवढा भारी असतो, मग?’

असतो. पण तो आपल्याला खूश करायला बनवलेला असतो. चेहरा गुळगुळीत करतो, सावली उजळतो, कडा टोकदार करतो, आणि हे सगळं न विचारता करतो. सेल्फीला ते ठीक. देवीचे व्रण असलेला १९१० सालचा चेहरा त्याने गुळगुळीत केला तर त्या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट आपण पुसली.

शिवाय जुन्या फोटोच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, पाऱ्यासारखी चमक आलेली असते. फोटोतली चांदी वर येऊन तसं होतं. खिडकीजवळ धरून फोटो काढला की तीच चमक लेन्समध्ये घुसते. हात थोडा तिरका असला की चौकोनी फोटो पतंगासारखा येतो. काचेच्या निगेटिव्हना तर मागून उजेड लागतो, त्याशिवाय त्या वाचताच येत नाहीत.

आणखी एक साधी वस्तू लागते, रंगपट्टी. ठरावीक रंगांचे आणि राखाडी छटांचे चौकोन छापलेली ही पट्टी फोटोशेजारी ठेवून स्कॅन करतात. सोनार दागिना कसोटीवर घासून पाहतो, तसंच. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली की हा पिवळेपणा फोटोचा की स्कॅनरचा, तर त्याने पट्टीकडे बघायचं. पट्टीवरचा पांढरा पांढराच असेल तर पिवळेपणा फोटोचा.

मोबाइल मी पूर्ण बाद करत नाही. एखाद्या घरी आजोबा फोटो हातातून सोडायलाच तयार नसतात. तिथे दारात, सावलीत, फोटो पाटावर सपाट ठेवून मोबाइलनेच घ्यायचा. नाही पेक्षा तो बरा. नोंदीत मात्र ‘मोबाइलने घेतला’ असं लिहायचं.

## वेळ खातं ते लिहिणं

आता वर म्हटलेल्या फोटोकडे परत येते. इंटरनेटवर त्याच्याबरोबर एक ओळ फिरते. तिच्यात तिन्ही नावांआधी ‘डॉ.’ आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, फोटोनंतर पाच महिन्यांनी. म्हणजे ही ओळ फोटोच्या दिवशी लिहिलेली नसावी, मागाहून कुणी लिहिली असावी. आनंदीबाईंच्या गावाचं नाव त्यात ‘सेरानिसोर’ असं आहे. असं गाव नकाशावर सापडत नाही. ते सेरामपोर, म्हणजे कोलकात्याजवळचं श्रीरामपूर. गोपाळरावांची टपाल खात्यातली बदली तिथे झाली होती. घाईत लिहिलेलं अक्षर कुणीतरी चुकीचं वाचलं आणि तेच पुढे चालत राहिलं. आता मराठी माणसाने ते दुरुस्त करताना नुसतं ‘श्रीरामपूर’ लिहिलं तर वाचणारा थेट आपल्या साखर कारखान्यांच्या श्रीरामपुरात पोचेल. तीच गत सबात यांची. कुठे ‘तबात’, कुठे ‘सबात’, आडनावाचीही दोन-तीन रूपं. ज्याने एका स्पेलिंगने शोधलं त्याला दुसऱ्या स्पेलिंगखालचं काही सापडत नाही.

फोटोविषयी लिहिलेल्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. मी इथून पुढे ‘नोंद’ म्हणेन. जमिनीला जसा सातबारा, तशी फोटोला नोंद. कुणाचा, कुठला, केवढा, कुणाकडून कुणाकडे आला, कुणाचा हक्क आहे. सातबारा नसलेली जमीन डोळ्यांना दिसते, पण व्यवहारात तिला किंमत नसते. नोंद नसलेला फोटो वेबसाइटवर असतो, पण शोधणाऱ्याला कधी सापडत नाही, कारण अशा वेबसाइटवरचा शोध सहसा चेहऱ्यावरून होत नाही, शब्दांवरून होतो.

जगभरातल्या ग्रंथालयांनी या नोंदीचे ठरावीक रकाने केलेले आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी बैठक होऊन एक छोटा संच ठरत गेला. त्यात पंधरा रकाने आहेत. शीर्षक, निर्माता, तारीख, विषय, हक्क वगैरे. गावच्या वाचनालयाला ते पंधरा पुरतात. पण आपल्या फोटोंच्या काही अडचणी अशा आहेत की त्या पंधरा रकान्यांना ठाऊकच नाहीत.

पहिली अडचण बायकांच्या नावांची, आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. लग्नात नाव बदललं. अशा लाखो बायका. शाळेच्या १९३० च्या फोटोत जी मुलगी एका नावाने बसली आहे, तीच १९३८ च्या हळदीकुंकवाच्या फोटोत वेगळ्या नावाने आणि वेगळ्या आडनावाने उभी आहे, आणि पुठ्ठ्यावर नुसतं ‘सौ. कुलकर्णी’. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच, त्यामुळे तो शोधला की सापडतो. बाईचे दोन तुकडे होतात. नोंद लिहिताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं एकाच व्यक्तीखाली जोडली नाहीत, तर आपण या बायकांना दुसऱ्यांदा हरवतो. हे जोडणं स्कॅनर करू शकत नाही. त्यासाठी कुणाला तरी माहीत असावं लागतं की ही आणि ती एकच.

दुसरी तारखेची. फोटो उलटा केला की मागे ‘शके १८३२, आश्विन शु. १०’ असं असतं. शकात ७८ मिळवायचे म्हणजे इसवी सन १९१०, दसऱ्याचा दिवस. पण महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, आणि मार्गशीर्ष किंवा पौष असेल तर पंचांगच उघडावं लागतं. नोंदीत मूळ शकही लिहायचा आणि काढलेला सनही, म्हणजे आपली चूक झाली तरी पुढच्याला ती पकडता येते.

तिसरी लिपीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे कित्येक लोक घरगुती मजकूर मोडीत लिहायचे. दोन ओळींच्या मोडीसाठी वाचक शोधण्यात आमचा एकदा महिना गेला होता. निघालं काय, तर फोटोतल्या आठही माणसांची नावं डावीकडून उजवीकडे. तो महिना सार्थकी लागला.

गावांची नावं बदलतात, तेही आहेच. पूना, बॉम्बे, अहमदनगर, उस्मानाबाद. जुनं आणि आजचं, दोन्ही लिहायचं.

आता वेळेचा हिशेब करू. दहा हजार फोटो आहेत आणि एकाला, दोन्ही बाजू धरून, पाच मिनिटं लागतात असं समजू. ८३३ तास होतात. रोज आठ तास बसलं तर शंभरेक दिवस. नोंदीला एका फोटोमागे वीस मिनिटं धरली, आणि हे मी कमीच धरतेय, तर ३,३३३ तास, म्हणजे चारशेच्या वर दिवस. ‘दोन वर्षं’ येतात ती इथून.

## ‘नोंद थोडी चुकली तर काय बिघडतं?’

झाशीच्या राणीचा ‘खरा फोटो’ म्हणून इंटरनेटवर जी चित्रं फिरतात ती आठवा. कुणी काढला, कधी, कुठून आला, यातल्या एकाही प्रश्नाचं पक्कं उत्तर त्यांच्यासोबत येत नाही. तरी ती पोस्टरवर जातात, शाळांच्या भिंतींवर लागतात. ग्रंथालयाच्या वेबसाइटवरची चूक याहून घातक, कारण तिथलं लोक खरं मानतात आणि विश्वासाने उचलतात.

म्हणून चांगल्या नोंदीत ‘बहुधा’ या शब्दाला मान असतो. ‘बहुधा १९२५ च्या आसपास, मागच्या दुकानाच्या पाटीवरून.’ अंदाज आणि अंदाजाचा आधार, दोन्ही. मला नवीन आलेल्या मुलांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांना रिकामा रकाना सहन होत नाही, काहीतरी भरून टाकावंसं वाटतं.

कधी जुना मजकूर चुकीचा नसतो, अपमानकारक असतो. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड काढले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आणि खाली गोऱ्या साहेबांची टिपणं: ही जमात लबाड, ती आळशी. असे फोटो ऑनलाइन ठेवताना जुना मजकूर पुसायचा नाही, कारण तो त्या राजवटीचा पुरावा आहे. पण तो अवतरणचिन्हांत, ‘मूळ छापील मजकूर’ असं सांगून ठेवायचा, आणि आपली नोंद वेगळी लिहायची. फोटोतल्या माणसाची नातवंडं हे वाचणार आहेत हे मनात ठेवून.

चुका दुरुस्त करायला वाचकांना हाक मारता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या संकेतस्थळावर सुमारे तीन हजार जुने फोटो ठेवले आणि लोकांना म्हटलं, ओळखा. लोकांनी चौक ओळखले, खेळाडू ओळखले, आपल्या घरचे ओळखले. ग्रंथालयाने पडताळून शेकडो नोंदी सुधारल्या. आपल्याकडे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे रोज फुकट घडतं, फक्त कुणी उतरवून घेत नाही आणि दोन दिवसांत ते वर सरकून जातं.

## ‘एआयने रंगवून चकाचक करून टाका ना’

ही सूचना हल्ली दर आठवड्याला येते, आणि प्रेमाने येते. पण इथे मी हटून बसते.

जुन्या काळच्या नेहमीच्या काचेच्या निगेटिव्हना निळा उजेड चांगला दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे जुन्या फोटोत निळं आकाश पांढरं फटक येतं आणि लाल वस्तू काळी. कपाळावरचं कुंकू काळं दिसतं ते म्हणून. आता अशा एका फोटोत काळ्या दिसणाऱ्या लुगड्यातली, डोक्यावरून पदर घेतलेली बाई बसली आहे. एआय त्या लुगड्याला अंदाजाने गडद निळा किंवा तपकिरी रंग देईल. ते लाल आलवण असू शकतं. म्हणजे त्या बाईचं केशवपन झालेलं आहे, ती विधवा आहे, घरात तिची जागा कुठली हे त्या रंगात लिहिलेलं आहे. रंग चुकला की तिची सगळी कहाणी चुकली, आणि बघणाऱ्याला ते कळणारही नाही, कारण रंगवलेला फोटो खराच वाटतो.

उलट उदाहरण रशियाचं. प्रोकुदिन-गोर्स्की या छायाचित्रकाराने १९०५ ते १९१५ च्या सुमारास एकेक दृश्य तीनदा टिपलं, निळ्या, हिरव्या आणि लाल काचेतून. त्या काचेच्या निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतल्या आणि २००० मध्ये स्कॅन करून तिन्ही एकमेकांवर जुळवल्या. शंभर वर्षांपूर्वीचे झगे, नद्या, घुमट पूर्ण रंगांत उभे राहिले. हा रंग खरा आहे, कारण तो टिपलेला होता. एआयचा रंग अंदाजाचा असतो. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, म्हणूनच फरक सांगत राहावं लागतं.

ओरखडे पुसण्याचंही तेच. हौस असेल तर दळणाच्या प्रतीवर पुसा आणि ‘सुधारित प्रत’ असं ठळक लिहा. बियाण्याला हात नाही.

## ‘स्कॅन झालं, आता मूळ फोटो ठेवायचे कशाला?’

एका वाचनालयाच्या बैठकीत हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. खोली मोकळी करायची होती. उत्तर असं की स्कॅन हा फोटोचा एक जबाब आहे. साक्षीदार अजून जिवंत आहे, त्याला पुन्हा विचारता येतं. उद्याचं यंत्र आजच्याहून जास्त वाचेल. कागद कुठला, त्यावर अंड्याचा पांढरा बलक चढवला आहे की जिलेटिन, यावरून काळ ठरतो. हे हातात घेऊन, भिंगातून बघून कळतं.

आणि डिजिटल प्रत अमर असते हा गैरसमज आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. एवढी मोठी संस्था, पण तिचा ऑनलाइन खजिना महिनोन्‌महिने बंद पडला. मूळ कागद कपाटांत शाबूत होते म्हणून धीर होता.

मूळ कागदही अमर नाहीत हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतून भांड्याकुंड्यांबरोबर अल्बमही वाहून गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात तेच झालं. म्हणून प्रतींचा एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात. तिन्ही एकाच कपाटात असतील तर त्या तिन्ही मिळून एकच प्रत आहे, कारण पाणी आलं की तिन्ही एकदम भिजतात.

फाइल आतून कुरतडली गेली तर कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक फाइलवरून एक लांबलचक आकडा काढून ठेवतात. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. लखोट्यावरच्या लाखेच्या मोहरेसारखं हे काम. वर्षातून एकदा आकडे पुन्हा काढून जुळवायचे. जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीतून ती फाइल परत आणायची. याचे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

एक धोक्याची सूचना. १९५० च्या आधीच्या काही लवचीक निगेटिव्ह नायट्रेटच्या असतात. त्या पेट घेतात, आणि एकदा पेटल्या की विझवणं महाकठीण. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांची रिळं गेली. जुन्या निगेटिव्ह चिकट, तपकिरी झालेल्या दिसल्या तर स्कॅनरच्या दिव्याखाली ठेवू नका, थंड जागी वेगळ्या ठेवा आणि जाणकाराला दाखवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती दुसऱ्या जातीची फिल्म, ॲसिटेटची. ती तशी भडकत नाही, पण आक्रसत जाते आणि शेजारच्या फिल्मलाही लागण करते. तिला स्कॅनच्या रांगेत सगळ्यांत पुढे घ्या.

## ‘पण फोटो आमच्या आजोबांचा, लोकांना का दाखवायचा?’

प्रश्न रास्त आहे. आधी कायदा. भारतात फोटोंचा कॉपीराइट पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षं होता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. १८८५ चा फोटो मोकळा झालेला आहे. १९७५ चा स्टुडिओतला फोटो मोकळा धरता येत नाही. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, स्टुडिओचा नव्हे. म्हणजे तुमच्या आजोबांनी पैसे मोजून काढवलेल्या फोटोबद्दल वाचनालयाने तुम्हालाच विचारायला हवं. कपाटात फोटो आहे म्हणजे तो छापायचाही हक्क आहे, असं होत नाही.

कायद्यापलीकडचंही काही असतं. प्रेताशेजारी बसून काढलेले फोटो, वेड्यांच्या इस्पितळातले, दुष्काळातले. कायद्याने मोकळे असले तरी असे फोटो आम्ही संग्रहात ठेवतो आणि वेबसाइटवर घालत नाही. अभ्यासकाला येऊन बघता येतात. दरेक वेळी बसून ठरवावं लागतं, तयार नियम पुरा पडत नाही.

चोरीच्या भीतीने चेहऱ्यावर आडवा शिक्का मारणं मला पटत नाही. ज्याला चोरायचं तो शिक्का पुसतो, आणि ज्याला आपल्या पणजीला बघायचंय त्याला शिक्का दिसतो. खाली बारीक पट्टीत संग्रहाचं नाव आणि नोंदक्रमांक पुरतो. फोटो फिरत फिरत कुठेही गेला तरी त्या क्रमांकावरून घरी परत येऊ शकतो.

## पैसे नसतील तर कुठून सुरू करायचं

स्कॅनरपासून नाही. माणसांपासून. फोटो आणखी पाच वर्षं टिकेल, पंख्याखाली कोरड्या खोलीत ठेवला तर पन्नासही टिकेल. ज्यांना त्यातले चेहरे ओळखता येतात त्यांची वयं पंचाऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून आम्ही क्रम उलटा केला आहे: आधी घाईने साध्या प्रती काढायच्या, मोठ्या कागदावर छापायच्या, प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्यायचा आणि त्या घेऊन घरोघरी जायचं. नीट स्कॅन मागाहून. मूळ फोटोवर लिहायचंच झालं तर मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो आणि शाई उतरते.

गेल्या रविवारी मुलींच्या शाळेतला एक वर्गाचा फोटो घेऊन एका आजींकडे गेले होते. अठरा मुली, दोन बाई, मागे नुसतं ‘इ. ४ थी’. आजींनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. ही डॉक्टरांची, ही कासाराची धाकटी, ही पुढच्याच वर्षी गेली. सगळी माहेरची नावं. सासरची मी विचारली तर म्हणाल्या, ते आठवून सांगते, काहींची लग्नं मुंबईला झाली. मधल्या रांगेत चौथ्या मुलीवर बोट आलं तेव्हा त्या थांबल्या, मग एक नाव सांगितलं आणि म्हणाल्या, लिहून घे, ही मी. सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ते नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं.

अकरा नावं झाली. सात मुली आणि दोन्ही बाई राहिल्या आहेत. आजी दुपारी झोपतात, म्हणून परवा सकाळी दहालाच जायचं ठरलंय.